गोव्यातलं पर्यावरणपूरक घर: पावसाचा हिशेब चुकला की काय बिघडतं, या चुका टाळा

पर्यावरणपूरक संसाराचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेच्या शहरांसाठी लिहिलेले असतात. मडक्यात खत करा, लंगोट वाळत घाला, छपरावरचं पाणी टाकीत साठवा. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जानेवारीत झकास चाललेली गोष्ट जुलैत कुजते, बुरसते नाहीतर वास मारते. मग घरातली माणसं "हे आपल्याला जमणार नाही" म्हणून सोडून देतात. जमत नाही असं नाही. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान जसं मे महिन्यात भरतो, तशी याची तयारीही मे महिन्यातच करावी लागते. ती केली नाही की पुढच्या सगळ्या चुका ओळीने होतात.

मे महिन्यात पातेरा जाळणे

एप्रिल-मेमध्ये परसातला आंब्या-फणसाचा आणि काजूचा पातेरा झाडून ढीग पेटवून द्यायचा आणि जुलैत खताच्या मडक्यासाठी कोकोपीटच्या विटा विकत आणायच्या, हा प्रकार घरोघरी दिसतो. जाळलेला तो पातेराच खरं तर पावसाळ्यातल्या खताचा अर्ध्याहून जास्त माल होता.

हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरात रोज साधारण तीन लिटरचं भांडं भरेल एवढा ओला कचरा निघतो. पावसाळ्यात त्याच्या दुप्पट, म्हणजे सहा लिटर सुका पाला लागतो. चार महिन्यांचा झाला सातशे लिटरच्या वर. खताच्या पन्नास किलोच्या रिकाम्या पोत्यात सत्तर-ऐंशी लिटर चुरलेला पाला मावतो, म्हणजे नऊ-दहा पोती भरून ठेवायची. काजूचं पान चिवट असतं, ते अख्खं टाकलं तर थरावर थर चिकटून हवा अडते. म्हणून पोत्यात भरण्याआधी पायाने तुडवून चुरा करा. पोती जमिनीवर ठेवू नका, दोन चिऱ्यांवर (जांभ्या दगडांवर) फळी टाकून पडवीत रचा. आणि पोत्यात हात घालण्याआधी ते काठीने हलवायची सवय मुलांनाही लावा. पातेऱ्यात विंचू आणि साप आसरा घेतात.

मडक्याच्या किंवा ड्रमच्या तळाशी नारळाच्या सोडणांचे तुकडे घाला, बोटभर जाडीचा थर पुरे. मडकं दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा म्हणजे तळाच्या भोकांतून पाणी निथळतं. छपराची वळचण चुकवा. झाकणावर पाऊस पडला नाही तरी वळचणीचे शिंतोडे आत जातातच.

बिघडलं तर वासावरून ओळखायचं. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही: सगळं उपसून दोन भाग सुका पाला मिसळा आणि परत सैलसर भरा. नाकाला झोंबणारा वास आला तर हिरवा माल जास्त झालाय, तिथेही पालाच वाढवायचा. मूठभर माल घट्ट दाबून बघा. गोळा बनला आणि पाणी टपकलं नाही तर ओल बरोबर आहे, बोटांतून थेंब गळले तर जास्त. जाड, राखाडी, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की अनेकजण सगळं खत फेकून देतात. त्या बहुधा सोल्जर माशीच्या असतात आणि कचरा त्या झपाट्याने संपवतात. त्रास काहीच नाही, फक्त किळस वाटते. वर चार बोटं पाल्याचा थर टाकला की त्या दिसत नाहीत.

मासळीचं काय?

इथल्या स्वयंपाकघराचा खरा प्रश्न हा, आणि खतावरच्या लेखांत नेमका हाच टाळलेला असतो. खवले, आतडी, सुंगटांची (कोळंबीची) सालं मडक्यात टाकली की दुसऱ्या दिवशी शेजारी विचारायला येतात. ही घाण माडाच्या आळ्यात पुरायची, पण बुंध्याला चिकटून नाही. बुंध्यापासून तीन ते पाच फुटांवर, किमान फूटभर खोल. वर सहा इंच माती आणि त्यावर एक चिरा. चिरा ठेवला नाही तर रात्री कुत्री उकरतात. विहिरीजवळच्या माडाला हे करू नका.

भर पावसात खड्डा खणताच त्यात पाणी भरत असेल तर पुरू नका, ते नुसतं सडेल. कागदात गुंडाळून फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवा आणि ओल्या कचऱ्याची गाडी यायच्या सकाळीच बाहेर काढा. तसंही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी घरात कमीच येते. त्या दिवसांत हट्टाने इसवण (सुरमई) शोधत फिरण्यापेक्षा सुकं खारं, म्हणजे खारवून वाळवलेली मासळी, आणि नदीची मासळी खावी, आपल्याकडे पूर्वापार तसंच चालत आलं आहे.

तिसऱ्यांच्या शिंपा खतात कुजत नाहीत. वर्षानंतरही जशाच्या तशा मिळतात. त्या वेगळ्या साठवून कुटा आणि बागेत टाका.

"कंपोस्टेबल" छापलेल्या पिशव्यांचंही तसंच. त्यांतल्या बऱ्याचशा कारखान्यातल्या खताच्या ढिगात, साठ अंशांच्या आसपासच्या तापमानात विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. घरच्या मडक्यात तेवढी उष्णता टिकत नाही. वर्तमानपत्र चालतं, चकचकीत छपाईचं मासिक नको.

लंगोटांची संख्या उन्हाळ्यावरून ठरवणे

तान्ह्या बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट भिजतात. उन्हाळ्यात चोवीस लंगोटांत भागतं, कारण सकाळी धुतलेले दुपारी वाळतात. जुलैत तेच दीड-दोन दिवस ओलसर राहतात आणि तिसऱ्या दिवशी बाळाचे लंगोट संपतात. तेव्हा घाईघाईने अर्धवट वाळलेला लंगोट बांधला जातो आणि पुरळ उठतं. दोष कापडी लंगोटाला दिला जातो.

दोन गोष्टी करा. पावसाळ्यासाठी छत्तीसच्या पुढे लंगोट तयार ठेवा आणि ते एकपदरी असू द्या. जुन्या सुती साडीचे किंवा मलमलीचे पाऊण मीटरचे चौकोन घडी घालून वापरले तर काम भागतं आणि उलगडून वाळत घातले की पंख्याखाली काही तासांत सुकतात. बाजारातले जाड, शिवलेले, चार-पाच पदरांचे पॅड दिसायला देखणे असतात, पण मधल्या पदरातली ओल दोन दिवस हटत नाही. दोरीवर दोन लंगोटांमध्ये वीतभर अंतर ठेवा, एका बाजूने पंखा लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत पंखा फिरवला तर ओली हवाच गोल गोल फिरते. शेवटी इस्त्री फिरवली की राहिलेली ओलही जाते.

पुरळ उठत असेल तर धुतलेला एक लंगोट स्वच्छ पाण्याच्या तांब्यात चोळून बघा. फेस आला तर साबण राहिलाय, पाणी आणखी दोनदा बदला. कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको: त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढरे लंगोट हळूहळू तांबूस पिवळे होतात. तिथे ब्लीच टाकलं की डाग जायच्या ऐवजी पक्का बसतो. अर्धी बादली पाण्यात दोन लिंबांचा रस घालून तासभर भिजवा आणि मग नीट खळबळून काढा. पुरळ दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, घरगुती प्रयोग वाढवू नका.

सलग पावसाच्या आठवड्यात रात्री एक तयार डायपर वापरला म्हणून काही बिघडत नाही. तो कागदात गुंडाळून वेगळा द्या, संडासात किंवा खतात नको.

चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टिक रंग

चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते, पावसाची झड बाहेरून आत शिरते आणि ही ओल भिंतीतूनच बाहेर पडावी लागते. जुन्या घरांना चुना लावायचे तो यासाठीच: चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. त्यावर "वॉटरप्रूफ" प्लास्टिक रंग मारला की ओल आत कोंडते, ऑगस्टपर्यंत फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खाली पांढरे क्षार फुलतात. मग माणूस त्यावर आणखी महागडा रंग मारतो. मुलांच्या खोलीत बुरशीचा वास येत राहतो तो वेगळाच.

रंग पूर्ण खरवडून काढा, भिंत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळू द्या, मग चुना. एक किलो कळीचा चुना साधारण पाच लिटर पाण्यात विरवा. प्लास्टिकची बादली नको, पाणी उकळतं. डोळ्यांना चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा. चोवीस तासांनी फडक्यातून गाळून पातळ तीन हात द्या. जाड एक हात दिला तर तो पोपडा होऊन पडतो.

पश्चिमेच्या बाजूला झड अडवायला हल्ली निळी ताडपत्री बांधतात. एका हंगामात ती चिंध्या होते आणि तिचे धागे परसभर पसरतात. माडाची विणलेली चुडतं (झावळ्या) बांधा, ती पुढच्या वर्षी खतात जातात. काहीही बांधलंत तरी भिंतीपासून वीतभर सुटं ठेवा. चिकटवून बांधलं की मागे ओल साठते.

उन्हाळ्यासाठी पावसाचं पाणी टाकीत साठवणे

शंभर चौरस मीटर छपरावर एका चांगल्या सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही दोन हजार लिटर पाणी मिळतं. म्हणजे हजार लिटरची टाकी अर्ध्या सरीत भरली. चार माणसं रोज पाचशे लिटरच्या आसपास पाणी वापरतात, टाकी दोन दिवसांत रिकामी. मे महिन्यात तिचा उपयोग शून्य. टाकी घ्यायचीच तर पावसाळ्यातलं धुणं, संडास आणि गाडी धुण्यापुरती घ्या. तिला बारीक जाळी लावा आणि आठवड्याला रिकामी करून आतून घासा. डासांची अंडी भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. परसातल्या करवंट्या पालथ्या घाला.

उन्हाळ्याचं पाणी जमिनीतच साठतं. छपराचं पाणी थेट विहिरीत सोडायची हौस असते, पण जुलैत विहीर आपसूकच काठोकाठ असते. ओतलेलं पाणी चिऱ्याच्या भेगांतून खालच्या बाजूला निघून जातं. त्याऐवजी उताराच्या वरच्या अंगाला दोन फूट खोल चर खणा आणि त्यात सोडणं भरा. अंगणात काँक्रीटवर पेव्हर बसवू नका. पाणी घराच्या पायाकडे वळतं आणि भिंतीच्या ओलीचा वरचा सगळा त्रास तिथूनही सुरू होतो. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा ते अठरा मीटर तरी लांब हवा, कारण चिऱ्याच्या पोकळ्यांतून मैलपाणी फारसं गाळलं न जाताच पुढे सरकतं.

पहिल्या पावसानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकताना अंदाजाने मूठभर टाकली जाते. मोजून टाका. विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाणी चार मीटर खोल असेल तर पाणी झालं सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर सत्तर ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्यात बुडवून वरखाली हलवा आणि तासभर पाणी उपसू नका. मे महिन्यात फोडलेलं पाकीट जुलैत वापराल तर दमट हवेने त्यातला जोर निघून गेलेला असतो. पाणी गढूळ असेल तर पावडर गाळातच खर्ची पडते, गढूळपणा बसेपर्यंत थांबा. पिण्याचं पाणी तरीही उकळाच.

पुरुमेंत अर्धवट वाळवून भरणे

मिरची, आमसुलं, कडधान्य हाताला सुकं लागलं की डब्यात जातं, आणि बंद डब्यात आतली ओल बाहेर सुटते. मिरची वाकवून बघा: वाकली तर अजून ऊन हवं, कट्‌ करून मोडली तर भरा. उन्हातून आणलेला माल गरम असताना झाकू नका, रात्रभर पसरून थंड होऊ द्या. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कुरकुरीत वाळलेला. ओला पाला तांदळात घातला की टोके पळण्याआधी बुरशीच येते. सुकं खारं प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतं, त्याला कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा. बुरशी धरलेली मिरची किंवा शेंगदाणा पुसून, पुन्हा वाळवून वापरू नका. तिचं विष भाजून किंवा शिजवून पुरतं जात नाही. तेवढा माल सरळ पातेऱ्याच्या मडक्यात जाऊ दे.