मे महिन्यात माथेरान: बॅग भरण्याआधी

माथेरानच्या तयारीत सगळ्यात आधी बघायचं ते सामानाचं वजन. महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला गाडी रिसॉर्टच्या दारात लागते, डिकी उघडली की पोरं खोलीत आणि बॅगा मागोमाग. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, म्हणून गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, आणि रिसॉर्ट बाजाराच्या पलीकडे असेल तर आणखी पुढे. तेवढ्या वाटेवर तुमचं जे काही जाईल ते कुणाच्या तरी डोक्यावरून, खांद्यावरून नाहीतर घोड्याच्या पाठीवरून जाणार. केंद्र सरकारने २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण मोटारी इथे त्याआधीही नव्हत्याच. म्हणून यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे थांबून विचारायचं: हे वाहून न्यायच्या लायकीचं आहे का? हेअर ड्रायर नाही. घरची इस्त्री तर नाहीच नाही.

चाकांच्या बॅगेवर फार विसंबू नका. मुख्य रस्त्यावर बऱ्याच भागात आता पेव्हर ब्लॉक आहेत, पण रिसॉर्टकडे वळणाऱ्या वाटा लाल मातीच्या आणि जांभ्या दगडाच्या. तिथे चाकं रुततात किंवा खडखडत तुटतात. चौघांच्या कुटुंबाला एक अवजड सुटकेस घेण्यापेक्षा दोन मध्यम पिशव्या बऱ्या. हमालालाही त्या सोप्या पडतात आणि वेळ आली तर आपल्यालाही उचलता येतात. प्रत्येक पिशवीला रिसॉर्टचं नाव आणि आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधा. हमाल आपल्या चालीने पुढे निघून जातो आणि तुम्ही आजीसोबत सावली शोधत मागे राहता, हे ठरलेलं. त्यामुळे औषधं, पाण्याच्या बाटल्या, पैसे, ओळखपत्रं, चार्जर आणि धाकट्याचा एक कपड्यांचा जोड, एवढं स्वतःच्या पाठीवरच्या सॅकमध्ये. हमालीचा दर बॅग उचलण्याआधी ठरवा आणि मग त्यात घासाघीस करू नका. मेच्या उन्हात चढावर ओझं वाहणाऱ्या माणसाशी वीस रुपयांवरून वाद घालण्यात काही शोभा नाही.

खोली ठरवताना फोटोंपेक्षा फोनवर भर द्या. पहिला प्रश्न: बाजारपेठेतल्या मिनी ट्रेनच्या स्टेशनपासून चालत किती वेळ? ‘पाच मिनिटं’ असं उत्तर आलं तर ‘म्हाताऱ्या माणसाला किती?’ असं पुन्हा विचारा. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर तळमजल्याची खोली आधीच सांगून ठेवा. पाश्चात्त्य संडास आहे का, गरम पाणी कुठल्या वेळात येतं, वीज गेली तर जनरेटरवर पंखा चालतो का की नुसता एक दिवा, हेही. चेक-इन, चेकआउटच्या वेळा माथेरानच्या हॉटेलांत एकसारख्या नसतात. काही ठिकाणी सकाळी लवकरच खोली सोडावी लागते, मग परतीची गाडी दुपारची असली की सगळं कुटुंब सामानासकट लॉबीत. दर बहुधा जेवणासकट असतो. कुठली जेवणं धरली आहेत आणि मुलांचे पैसे कुठल्या वयापासून लागतात ते मेसेजवर लिहून घ्या. गुजराती-जैन स्वयंपाक अनेक ठिकाणी असतो आणि तो चांगलाही असतो, पण ज्यांना रात्री अंडं तरी लागतंच त्यांनी ते आधी विचारावं. तलाव असलेल्या रिसॉर्टात नायलॉनचाच पोहण्याचा पोशाख चालतो. सुती टी-शर्टवर आत सोडत नाहीत आणि तिथल्या तिथे विकत घ्यायला गेलात तर दुप्पट पैसे मोजाल. आत्यालाही पाण्यात उतरायचं असेल तर तिचाही घ्या. हो-नाही करत शेवटी उतरतेच.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. मेमधल्या शनिवारी दस्तुरीच्या पार्किंगची रांग घाटात खाली उतरलेली असते, आणि त्या रांगेत एसी बंद करून बसलेली मुलं ज्या मूडमध्ये वर पोचतात तो पुढचा अर्धा दिवस टिकतो. सोमवार ते गुरुवार गेलात तर खोलीही स्वस्त आणि पॉइंटवर उभं राहायला जागाही.

गाडी नसेल तर मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरायचं. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून लोकल धरावी. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्स्या उभ्या असतात. घाट छोटा असला तरी उभा आणि वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांना उलटीची गोळी टॅक्सीत बसल्यावर नको, अर्धा तास आधी. सोबत आवळा सुपारी, लिंबू आणि दोन रिकाम्या पिशव्या हाताशी. बॅगेच्या तळाशी ठेवलेल्या पिशवीचा त्या घडीला उपयोग नसतो.

मिनी ट्रेनचं वेगळं. मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी १९०७ पासून डोंगर चढते आहे. नेरळ ते माथेरान जेमतेम २१ किलोमीटर, आणि त्यासाठी दोन तासांहून जास्त वेळ. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं आणि मधला एकुलता एक बोगदा मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती खिडकीतून डोकं काढून मोजत बसतात. मात्र सुट्टीत तिकीट खिडकीवर रांग मोठी, डबे मोजके. संपूर्ण दिवस त्या एका तिकिटावर बेतू नका. मिळालं तर बसायचं, नाही मिळालं तर टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून थोडं चालून अमन लॉजला शटल. मुलांची रेल्वेची हौस तेवढ्यातही भागते आणि गाडी थेट बाजारपेठेतल्या स्टेशनात सोडते. शटलचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, म्हणून जूनच्या मध्यानंतर बेत सरकला तर तिचा विचार सोडून द्यायचा.

दस्तुरीवर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो, माणशी. पावती जपून ठेवा. पुढे चालायचं की घोडा करायचा हे घरीच ठरवून निघालेलं बरं, कारण नाक्यावर पाय ठेवताच चारी बाजूंनी घोडेवाले, हमाल, हॉटेलचे एजंट बोलू लागतात आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत पडतं. ई-रिक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. त्या मोजक्या आहेत, म्हणून ज्येष्ठांसाठी रांगेत कुणीतरी आधी जाऊन उभं राहा. हातरिक्षेच्या भरवशावर राहू नका. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा असं न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं आहे. आणि खरं सांगायचं तर धडधाकट माणसाने चालावंच. रुळांच्या कडेने झाडांची सावली असते, फक्त गाडीची शिट्टी ऐकू आली की बाजूला व्हायचं.

कपड्यांत पांढरं काही नको. माथेरानची लाल माती मेमध्ये पिठासारखी उडते; मोज्यांत, नखांत, बाळाच्या दुपट्ट्यात, सगळीकडे शिरते. गडद रंगाचे सुती कपडे, प्रत्येकाची टोपी आणि तोंडाला बांधायला एक पंचा किंवा स्कार्फ. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी धुळीसाठी मास्क आणि पंप खिशात ठेवावा. उंची साधारण ८०० मीटर, त्यामुळे ‘थंड हवेचं ठिकाण’ या शब्दांवर फार हुरळून जाऊ नका. दुपारी ऊन लागतंच. संध्याकाळी वारा सुटला की पातळ स्वेटर किंवा शाल आजी-आजोबांना आणि तान्ह्यांना लागते, बाकीच्यांना नाही. मेच्या शेवटी वळवाची सर येते, तेव्हा दोन छत्र्या पुरेत. बूट जुने, पण तळ शाबूत असलेले. नवे कोरे बूट चावतात. गुळगुळीत तळाच्या सँडल बारीक खड्यांवर घसरतात, म्हणून त्या रिसॉर्टात फिरण्यापुरत्या.

औषधांच्या डब्यात रोजच्या गोळ्या परतीच्या दिवसानंतरही दोन दिवस पुरतील एवढ्या. शिवाय पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, जुलाबावरचं औषध, बँडेज, खरचटल्यावर लावायचं मलम, डास पळवायचं क्रीम. वर नगरपरिषदेचा दवाखाना आहे आणि रुग्णवाहिकेला परवानगी आहे, पण मोठ्या इलाजासाठी खाली उतरावं लागतं. हृदयाचा किंवा साखरेचा आजार असणाऱ्याच्या पाकिटात औषधांची चिठ्ठी आणि घरच्या डॉक्टरांचा नंबर लिहून ठेवा.

माकडांसाठीही तयारी लागते. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज चांगला कळतो. वेफर्सचं पाकीट हातात धरून चालणारं मूल म्हणजे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. खाऊ चेन लागणाऱ्या कापडी पिशवीत, पाठीवर. खोलीची खिडकी, गॅलरीचं दार बंद. बाहेर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा जातो. समोर आलं तर डोळ्याला डोळा भिडवू नका, दातही दाखवू नका आणि मुलांना पळू देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने भरपूर वेळ धुऊन सरळ दवाखान्यात, ‘थोडंसंच आहे’ म्हणून थांबायचं नाही.

घोडेस्वारी करायची असेल तर ती पॉइंटच्या नावांनी ठरवा. ‘सात पॉइंट’ असं मोघम बोललं की कडेच्या दोन दगडांचेही पॉइंट होतात. सूर्योदयाला पॅनोरामा, सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन, प्रबळगड बघायला लुईझा. बाकीचे वेळ उरला तर. दरफलक लावलेले असतात, ते वाचा. मुलांसाठी घरून हेल्मेट आणा, सायकलचं असलं तरी चालेल. वजनाच्या नियमाला मी इथे खुशाल अपवाद करते. घोडेवाल्याने लगाम धरून बरोबर चालायचं, घोडा पळवायचा नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. कड्यावर काही ठिकाणी कठडे आहेत, काही ठिकाणी नाहीत. सेल्फी घेणाऱ्या भाच्यांवर एका मोठ्या माणसाची नेमणूक करून टाका. शार्लोट तलावात उतरायचं नाही. शेजारच्या पिसरनाथाचं दर्शन घ्यावं, झाडाखाली बसावं.

रोख पैसे जरा जास्त ठेवा. ऑनलाइन पैसे घेणारे बरेच आहेत, पण नेटवर्क झाडीत दगा देतं आणि घोडेवाल्याला सुटे लागतात. संध्याकाळसाठी पत्ते, एक बॉल, विजेरी. रस्त्यावरचे दिवे रिसॉर्टच्या वाटेवर विरळ आहेत आणि मोबाइलची बॅटरी दिवसभर फोटो काढून संपलेली असते. घरून खायला दशम्या, चटणी, भाजके दाणे एवढं पुरे. वर जांभळं, करवंदं विकायला बसलेल्या बायका असतात. द्रोणात घ्या आणि द्रोण कचरापेटीतच टाका.

चिक्की आणि चपला शेवटच्या दिवशी, स्टेशनकडे जाताना घ्या. पहिल्या संध्याकाळी घेतलेली चिक्की मुलं खोलीतच संपवतात आणि शेजाऱ्यांसाठी पुन्हा घ्यावी लागते. परतीच्या हमालाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कारण सकाळी सगळ्यांना एकाच वेळी उतरायचं असतं. पार्किंगची पावती गाडीत ठेवू नका, पाकिटात ठेवा. घरी पोचल्यावर मातीचे कपडे आधी कोरडेच झटका, मग वेगळ्या बादलीत गार पाण्यात भिजवा. मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर टाकले तर बाबांचे ऑफिसचे शर्ट गुलाबी निघतील.