घरात एक छोटं कुत्रं आणि पाच माणसं

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहंड, ल्हासा आप्सो: फ्लॅटमध्ये येणारी छोटी कुत्री बहुधा यांतलीच असतात. यांना जागा कमी पुरते, पण वजन बहुधा तीन ते आठ किलोच असल्यामुळे चुकीला वावही कमी असतो. मोठ्या कुत्र्याला अर्धी पोळी जास्त गेली तर काही बिघडत नाही. चार किलोच्या पॉमला रोज गेली तर सहा महिन्यांत गुडघे बोलायला लागतात. आणि भरल्या घरात या चुका बहुतेक वेळा प्रेमापोटीच होतात. आजी पोळीचा तुकडा देते, मुलं बिस्किट देतात, कुणीतरी ताटातलं ऑम्लेट सारतं, आणि यातलं कुणालाच दुसऱ्याने काय दिलं ते माहीत नसतं. म्हणून कुत्र्याला काही शिकवण्याआधी घरच्यांनी आपसांत चार गोष्टी ठरवून घ्याव्यात.

एक डबा, एक माप

नसबंदी झालेल्या, पाच किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ३७५ कॅलरी लागतात. बाजारातल्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात (पाकिटामागे आकडा दिलेला असतो, तो बघा). म्हणजे दिवसभराचं खाणं जेमतेम १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. वाटीने घेतलं की प्रत्येकाच्या हाताचं माप वेगळं पडतं.

सकाळी हे १०० ग्रॅम एका डब्यात काढून ठेवा. दोन जेवणं त्यातूनच द्यायची, शिकवताना द्यायचे दाणेही त्यातूनच. ज्याला लाड करायचेत त्याने डब्यातला दाणा द्यावा. डबा संपला की त्या दिवसाचं खाणं संपलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'काही देऊ नका' सांगून ते कधीच जमत नाही. 'यातलं द्या' म्हटलं की जमतं, कारण त्यांना हाताने भरवायचं असतं आणि कुत्र्याला हातातून काही मिळाल्याशी मतलब असतो.

डब्याबाहेरचं काही दिलंच तर ते दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला ३५ कॅलरी. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात २५ च्या आसपास असतात. चहाबरोबर चार बिस्किटं दिली तर पाव दिवसाचं जेवण वरकड गेलं. त्याऐवजी गाजर, काकडी, उकडलेली फरसबी यांचे नखाएवढे तुकडे द्या.

दर पंधरा दिवसांनी वजन करा. आधी कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. पाच किलोच्या कुत्र्याचं अर्धा किलो वाढणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं सात किलो वाढणं. केसाळ कुत्र्याचा लठ्ठपणा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांनी बघा: बरगड्यांवरून हात फिरवला की दाबायला न लागता त्या जाणवल्या पाहिजेत.

दूध-पोळीवर कुत्रं जगतं, पण त्यात प्रथिनं कमी पडतात आणि दुधाने बऱ्याच कुत्र्यांचं पोट बिघडतं. घरचंच अन्न द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून आहार लिहून घ्या. नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि ते वेगळं घालावं लागतं.

तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दिवसातून चार वेळा भरवा. इतक्या लहान जिवाची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल पडलं, झोकांड्या खायला लागलं, थरथरायला लागलं तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचं दाट पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

जे अजिबात द्यायचं नाही

कांदा आणि लसूण, शिजवलेलेसुद्धा. त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि त्रास दोन-चार दिवसांनी दिसत असल्यामुळे त्याचा संबंध परवाच्या रश्श्याशी कुणी लावत नाही. 'तिखट काढून रस्सा दिला' हे ऐकायला ठीक वाटतं, पण कांदा रश्श्यात विरघळलेलाच असतो. चिकन द्यायचं तर फोडणीआधी, नुसतं पाण्यात उकडलेलं, हाडं काढून. शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पडतात आणि ते आतड्यात रुततात.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले की धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं. म्हणून एकही नको. आपल्याकडे बेदाणे शिऱ्यात असतात, चिवड्यात असतात, प्रसादाच्या द्रोणात असतात. दिवाळीत फराळाची ताटं टीपॉयवर राहतात आणि टीपॉय नेमका छोट्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीचा असतो. चिवडा, चकलीच्या तेलाने स्वादुपिंडाला सूज येते ते वेगळंच. चॉकलेट जितकं काळं तितकं जास्त विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम किंवा पीनट बटर घरात असेल तर ते उंचावर ठेवा. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, खाली पडल्या तर लगेच उचला. कपाटातल्या डांबरगोळ्याही यातच धरा. यातलं काही पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने दुसरंच दुखणं उभं राहतं. जे खाल्लं त्याचं पाकीट बरोबर घ्या आणि दवाखान्यात निघा.

शी-शूची सवय

पिल्लू महिन्यांत जेवढं, त्यात एक मिळवलं की साधारण तेवढे तास ते दम धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त चार तास, तेही झोपेत. जागेपणी खेळताना तासाभरातच लागते. म्हणून नेम असा ठेवा: झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा ते वीस मिनिटांनी, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्याआधी. प्रत्येक वेळी त्याच जागी न्या, गप्प उभे राहा, एक ठरलेला शब्द बोला. झालं की दोन सेकंदांच्या आत दाणा द्या. घरात परत येऊन दिला तर ते घरात येण्याचं बक्षीस होतं.

बाहेर जायची सवय लागली तरी बाल्कनीतली किंवा न्हाणीघरातली एक जागा कायम ठेवा. जुलैच्या पावसात पग दारातून पाऊल बाहेर टाकायला तयार होत नाही, आणि त्याची चूक नसते: रस्त्यावरच्या डबक्याचं पाणी त्याच्या पोटाला लागतं. त्याच पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार होतो. मुंबई, ठाणे, कोकणात राहणाऱ्यांनी त्याची लस जूनच्या आधी देऊन घ्यावी. पहिल्या वर्षी तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून एप्रिलमध्येच सुरुवात करा.

चुकून घरात झालं तर नाक घासणं, ओरडणं नको. त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसांसमोर करायची नाही, आणि मग ते सोफ्यामागे करतं. जागा आधी कागदाने टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर किंवा निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी वापरा. फिनेलने माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटतं, पण लघवीचा वास कुत्र्याला त्याखालीही येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय काळ्या फिनेलमधले घटक पंजांना लागून चाटण्यातून पोटात जातात. रोजची लादी पुसताना फिनेल वापरायचं असेल तर वर साध्या पाण्याचा हात मारा आणि वाळल्याशिवाय कुत्र्याला त्या खोलीत सोडू नका.

लादी, सोफा आणि मुलं

गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्यांवर छोट्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात. पॉम, शिह त्झू यांच्यात गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष मुळातच जास्त असतो. चालता चालता एक मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडी घालायची आणि मग काही झालंच नाही असं चालायचं, ही त्याची खूण. त्यावर हसू येतं, पण डॉक्टरांना दाखवा. डॅशहंडची पाठ लांब असते आणि मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजतात, त्यामुळे सोफ्यावरून उडी त्याला सर्वांत महागात पडते.

उपाय स्वस्त आहेत. कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर, म्हणजे झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत, खाली रबर असलेल्या सतरंज्या किंवा योगा मॅट टाका. सोफ्याला १५ सेंटीमीटरची एक घट्ट पायरी लावा. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा आणि नखं तीन-चार आठवड्यांनी थोडीथोडी कापा. लादीवर टकटक आवाज आला की नखं वाढलीत.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पुढच्या पायांना धरून वर ओढलं की खांद्यावर ताण येतो. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम एकच: कुत्र्याला घ्यायचं तर जमिनीवर बसून मांडीवर. कुत्रं खात असताना किंवा झोपलेलं असताना हात लावायचा नाही. मान फिरवणं, ओठ चाटणं, डोळ्यांतलं पांढरं दिसणं, ही 'आता पुरे' म्हणण्याची त्याची पद्धत. मुलांना ती शिकवा. ती न कळल्यामुळेच चावा होतो. पिल्लाचा खेळातला दात लागून रक्त आलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा.

बाहेर नेताना

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते; ओढाताणीने ती चपटी होते आणि मग हंसाच्या कलकलाटासारखा कोरडा खोकला मागे लागतो. छाती आणि हार्नेस यांच्यामध्ये दोन बोटं जावीत.

मार्च ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यानंतर फिरवा. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. चटका बसला तर पंजांनाही बसणार. चपट्या नाकाच्या पग आणि शिह त्झूला धाप टाकूनही अंग पुरेसं थंड करता येत नाही. जीभ गडद लाल, लाळ दाट, चाल अडखळती झाली तर नळाचं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि थंड करत करतच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

घरी आल्यावर गोचीड तपासणं हे रोजचं काम, आणि ते एका माणसाकडे ठरवून द्या. बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघा. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा तेल ओतू नका. गोचीड ताप महाराष्ट्रात बारा महिने दिसतो. हिरड्या फिक्या, लघवी चहाच्या रंगाची, खाणं बंद: यातलं काहीही दिसलं तर रक्ततपासणी त्याच दिवशी. प्रतिबंधाची गोळी वजनाप्रमाणे असते, त्यामुळे मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून देऊ नका.

बेल वाजली की भुंकणं

इथे घरातल्या पाच जणांचे पाच शब्द सगळं बिघडवतात. एक 'गप' म्हणतो, दुसरा 'नो', तिसरा कडेवर उचलतो. कुत्र्याला आपण त्याच्याबरोबर भुंकतोय असंच वाटतं. शब्द एकच ठरवा, समजा 'जागेवर', आणि तो फ्रिजवर लिहून लावा.

दारापासून तीन-चार मीटरवर एक चटई टाका. बेलशिवाय 'जागेवर' म्हणा, चटईवर दाणा टाका, चारही पाय चटईवर आले की अजून तीन दाणे, एकेक करून. एका बैठकीला दहा वेळा, दोन-तीन दिवस. मग बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावा आणि हेच करा. आवाज रोज थोडा वाढवा. शेवटी घरच्याच कुणाला तरी बाहेरून खरी बेल वाजवायला सांगा. मध्येच भुंकायला लागलं तर आवाज लवकर वाढवलाय. एक पायरी मागे या.

फटाके

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळचं फिरणं आणि जेवण उजेडीच उरका. सगळ्यांत कमी खिडक्यांची खोली निवडा, पडदे ओढा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, पलंगाखाली जुनी गोधडी टाका. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, खुशाल घ्या. फराळाला पाहुणे येतात आणि दार उघडं राहतं, नेमकं तेव्हाच कुत्रं पळतं. त्यामुळे गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घरातही ठेवा. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडून औषध दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि एका साध्या दिवशी देऊन बघा.

थोडक्यात बाकीचं

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी, कुत्र्याच्याच शॅम्पूने, आणि पावसाळ्यात कोमट ड्रायरने मुळापर्यंत वाळवून. ओलसर लोकरीखाली बुरशी धरते. पॉमचे केस उन्हाळ्यात भादरू नका, ते नीट परत येतीलच असं नाही. दात रोज घासा, माणसांची टूथपेस्ट वापरू नका. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे दात शिल्लक असतील तर ते काढावे लागतात.

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि मग डॉक्टर सांगतील तशी. लसींचं कार्ड महापालिकेच्या परवान्याला लागतं. सोसायटीने ठराव करून पाळीव प्राणी किंवा त्यांचा लिफ्टचा वापर बंद करता येत नाही, असं अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. पण जिन्यातली शी उचलायची पिशवी आपल्याच खिशात हवी.

घरात एक डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजायचं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर सकाळची वाट पाहू नका. पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या, मागचे पाय लुळे पडणं, लघवी अडकणं, फेफरं, निळसर जीभ, यांनाही थांबायला वेळ नसतो. रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला, दुपारी कुत्र्याबरोबर एकट्या असणाऱ्या आजींच्या फोनमध्ये सगळ्यांत आधी.