लॉला जायचंय? आठ वर्षांचा हिशेब मांडा

२०१७ च्या उन्हाळ्यात माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक परराज्यातलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ, क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून मिळालेलं. दुसरी पुण्यातलं एक जुनं कॉलेज, राज्याच्या सीईटीतून मिळू घातलेलं. पहिल्याचा पाच वर्षांचा खर्च हॉस्टेल-मेस धरून बारा लाखांच्या वर जात होता. वडील साखर कारखान्यात टाइमकीपर. आम्ही बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर तारण लागेल, साहेब म्हणाले, आणि शेतजमीन चालणार नाही. घर चाललं असतं, पण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली, वारसनोंद कुणी केलीच नव्हती, आणि दोन चुलत्यांच्या सह्या मिळवायच्या तर आधी त्यांच्यातलं बोलणं सुरू व्हायला हवं होतं. कायदा शिकायच्या आधीच त्याने माझी वाट ठरवून टाकली.

दोन-तीन वर्षं मला याची रुखरुख होती. आता नाही. तरी ‘झालं ते बरंच झालं’ असंही म्हणणार नाही. तशाच एका विद्यापीठातून शिकलेला माझा शाळूसोबती आज मुंबईत मोठ्या फर्ममध्ये आहे, कर्ज फेडून मोकळा झालाय आणि कंपन्यांचे करार वाचण्यात त्याला खरंच रस आहे. त्याच्या बाबतीत ते बारा-पंधरा लाख सत्कारणी लागले. प्रश्न एवढाच, की तुम्हाला त्याच्यासारखं काम करायचंय का.

बारावीनंतर सगळे पाच वर्षांची फी मोजतात. मीही तेवढीच मोजली होती. पदवीनंतरच्या तीन वर्षांबद्दल मला कुणी बोललं नाही. वकिलीची सनद घेतली, बार कौन्सिलची परीक्षा दिली, काळा कोट शिवला, आणि सांगलीत एका दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागलो. पहिले चार महिने एक रुपया नाही. मग महिन्याला तीन हजार, दुसऱ्या वर्षी सहा. सर वाईट नव्हते. उलट त्यांच्यासारखं उलटतपास घेणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पण तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात ज्युनिअरला पगार देण्याची पद्धतच नाही. तिथे ‘शिकतोय ना’ हाच पगार. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तुम्ही ज्या कोर्टात जाणार तिथल्या ज्युनिअरला एकदा चहा पाजून विचारा. तो खरा आकडा सांगेल.

आता त्या तीन वर्षांवर कर्जाचा हप्ता ठेवून बघा. पंधरा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं मुदत: महिन्याला साधारण १९,८०० रुपये. शिकतानाचं व्याज मुद्दलात मिळवलं की त्याहून जास्त. हप्ता वीस हजार आणि हातात तीन. म्हणजे कर्ज काढून महागड्या ठिकाणी शिकलेल्या मुलाला फौजदारी वकिली करायची कितीही हौस असो, पहिली काही वर्षं त्याला कॉर्पोरेटमध्येच काढावी लागतात. काहींना तिथे गोडी लागते. काही जण दर दिवाळीला भेटले की ‘पुढच्या वर्षी सोडतो’ म्हणतात.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी गणित आठ वर्षांचंच. पूर्वी पदवी हातात पडली की थेट जेएमएफसीच्या, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेच्या, तयारीला बसणारे खूप होते. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्यामुळे ती तीन कोरडी वर्षं आता त्यांच्याही वाट्याला आली. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर डिग्री झाल्यावर सहा महिन्यांत ‘अजून काही कमावत का नाहीस?’ सुरू होतं, आणि मामा तर लग्नाचंच काढतात.

मग कुठे जावं? माझं मत कदाचित एकांगी वाटेल. मोठी कॉर्पोरेट फर्म हवी असेल आणि बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता अशा जुन्या राष्ट्रीय विद्यापीठात जागा मिळत असेल, तर कर्ज काढा. मोठ्या फर्म तिथे कॅम्पसवर येतात आणि तो दरवाजा बाहेरून उघडणं कठीण आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, त्यांचाही विचार करा. पण यादीत खाली खाली घसरत, केवळ नावात ‘राष्ट्रीय’ आहे म्हणून कुठल्याशा नव्या विद्यापीठाला वर्षाला तीन लाख मोजत असाल, तर थांबा. तीच गोष्ट महागड्या खासगी कॉलेजांची. माहितीपत्रकावर सर्वांत मोठं पॅकेज छापलेलं असतं. ते एका मुलाचं असतं. तुम्ही विचारा, वर्गात किती जण होते, त्यातल्या किती जणांना कॅम्पसवरून नोकरी लागली, आणि पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या मुलाला किती मिळाले. उत्तर टाळलं, तर तेही उत्तरच समजा.

कोर्टात जायचं असेल तर स्वस्त आणि कोर्टाजवळचं कॉलेज. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, फी वर्षाला काही हजार, आणि चर्चगेटला असल्याने हायकोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर. तिथली मुलं शिकता शिकताच फोर्टमधल्या ऑफिसांत इंटर्नशिप करतात. पुण्यात १९२४ पासूनचं आयएलएस आहे, कोल्हापुरात शहाजी लॉ कॉलेज आहे, गोव्यात साळगावकर आणि कारे. फी बघताना वर्ग अनुदानित की विनाअनुदानित हे नक्की विचारा. एकाच इमारतीत तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा कोर्स वेगवेगळ्या फीचा असू शकतो. आणि बी.कॉम. करून मग तीन वर्षांचं एलएलबी करणारा कुठेही कमी पडत नाही. दिवाणी कोर्टात तर हिशेब वाचता येणारा वकील लवकर पुढे जातो.

अजून एक गोष्ट, जी मला सांगलीत आल्यावर कळली. खालच्या कोर्टाचं काम मराठीत चालतं. दावा, कैफियत (म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), सरतपासाचं (आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाचं) शपथपत्र, फेरफार, जुने दस्त. इंग्रजीत अस्खलित युक्तिवाद करणारी मुलं पहिली मराठी कैफियत लिहायला बसली की घाम फुटतो. हायकोर्टात इंग्रजी लागतं, हे खरं. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडच्या पक्षकारांची मुंबईची वारी थांबली. आता या भागात राहून हायकोर्टाची वकिली करता येते. मी २०१७ मध्ये हे गृहीत धरू शकत नव्हतो. तुम्ही धरू शकता.

तारखांचा एक सापळाही लक्षात असू द्या. क्लॅट डिसेंबरात होते, तिच्या काउन्सेलिंगला आधीच हजारोंची रक्कम भरावी लागते, आणि राज्याच्या कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेशफेरीच्या) याद्या लागतात त्याच्या कितीतरी महिन्यांनी. हातातली महाग जागा सोडून अजून न लागलेल्या यादीची वाट बघायला छाती लागते. पैसे परत मिळण्याचे नियम भरायच्या आधी वाचा. हे वकिलाचं पहिलं काम समजा. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.

गेल्या महिन्यात एक बाप-लेक माझ्याकडे आले होते. असाच पेच: एक महाग, एक स्वस्त. वडील आकडे सांगत होते. मी मुलीला विचारलं, कोर्ट बघितलंयस का कधी? नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी अकराला तिला बोलावलं आणि पाचपर्यंत बाकावर बसवलं. दोन प्रकरणांत तारीख पडली, एकात साक्षीदार आला नाही, आणि दुपारी चारला एका बाईची पोटगीची साक्ष झाली. निघताना तिने विचारलं, “सर, त्या मॅडमचे वकील महिन्याला किती कमावत असतील?” मी तिला त्यांच्याच टेबलाशी नेऊन सोडलं.