२०१६च्या अमेरिकी निवडणुकीवर वाद घालायचा असेल तर

डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१६च्या विजयावरचा वाद बहुधा पहिल्या दोन वाक्यांतच भरकटतो. एक म्हणतो, त्यांच्या डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मतं जास्त पडली. दुसरा म्हणतो, ट्रम्प यांना ३०४ इलेक्टरांची (राज्याराज्यांतून निवडले जाणारे आणि अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) मतं मिळाली. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांनाही समोरचा थापा मारतोय असं वाटत असतं. पहिला ‘पद्धत न्याय्य आहे का’ या प्रश्नाचं उत्तर देतोय, दुसरा ‘कायद्याने कोण जिंकलं’ या प्रश्नाचं. तेवढ्यात तिसरा येतो आणि ‘ते जिंकलेच कसे’ यावर बोलायला लागतो.

म्हणून सुरुवातीलाच प्रश्न एका वाक्यात लिहा आणि समोरच्याकडून मान्य करून घ्या. कायद्याचा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. न्याय्यतेच्या प्रश्नात आकडे मदत करतात, निवाडा करत नाहीत. कारणांच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त पुरावा लागतो, आणि नेमका तिथेच लोक सगळ्यात कमी पुरावा देतात.

आकड्यावरची तारीख बघा

अमेरिकेत निकाल जाहीर करणारा एकच राष्ट्रीय आयोग नाही. मतमोजणी काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) किंवा नगर पातळीवर होते आणि प्रत्येक राज्य आपला निकाल स्वतः प्रमाणित करतं. मतदानाच्या रात्री टीव्हीवर दिसतो तो वृत्तसंस्थांचा अंदाज, अधिकृत निकाल नव्हे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात टपाली मतं कित्येक आठवडे मोजली जातात. त्यामुळे क्लिंटन यांची आघाडी मतदानानंतर महिनाभर वाढतच राहिली. नोव्हेंबर २०१६च्या मध्यावरचा आकडा आजच्या वादात आणलात तर तो चुकणारच. त्या आठवड्यात तर एकूण मतांतही ट्रम्प पुढे आहेत अशी पोस्ट जोरात फिरत होती.

अंतिम आकडे असे: क्लिंटन ६,५८,५३,५१४ (४८.२ टक्के), ट्रम्प ६,२९,८४,८२८ (४६.१ टक्के), फरक २८,६८,६८६. खातरजमा करायची तर एकूण मतांसाठी फेडरल इलेक्शन कमिशनचा निकाल अहवाल, राज्याच्या मतांसाठी त्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाचं (बहुतेक ठिकाणी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या राज्य अधिकाऱ्याचं) प्रमाणित पत्रक आणि इलेक्टरांच्या मतांसाठी नॅशनल अर्काइव्ह्ज बघा.

इलेक्टरांचे आकडे दोन प्रकारे सांगितले जातात आणि त्यावरूनही विनाकारण खटके उडतात. राज्यवार निकालांवरून ट्रम्प ३०६, क्लिंटन २३२. डिसेंबरमध्ये सात इलेक्टरांनी ठरल्याबाहेर मत दिलं, त्यात पाच क्लिंटन यांचे होते आणि दोन ट्रम्प यांचे, म्हणून अधिकृत नोंद ३०४–२२७. कोणती जोडी वापरताय ते सांगा आणि मध्येच बदलू नका.

‘थोडक्या मतांनी’ म्हणजे नेमकं किती

एकूण इलेक्टर ५३८: संसदेतल्या जागांइतके, म्हणजे प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १००, शिवाय वॉशिंग्टन डीसीचे ३. बहुमत २७०. बहुतेक राज्यांत जिंकेल त्यालाच राज्यातले सगळे इलेक्टर मिळतात. ट्रम्प यांचा विजय तीन राज्यांवर उभा होता, असं म्हणतात: मिशिगन (१६ इलेक्टर, आघाडी १०,७०४ मतं), विस्कॉन्सिन (१०, आघाडी २२,७४८) आणि पेनसिल्व्हेनिया (२०, आघाडी ४४,२९२). बेरीज ७७,७४४.

हा आकडा वापरण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. ‘इतके मतदार दुसरीकडे गेले असते तर’ असं म्हणायचं असेल तर ७७,७४४ लागत नाहीत. एक मतदार फिरला की अंतर दोनने कमी होतं, त्यामुळे प्रत्येक राज्यात निम्म्याहून एक जास्त पुरे: ५,३५३, ११,३७५ आणि २२,१४७, एकूण ३८,८७५. ‘इतके जास्त लोक घराबाहेर पडले असते तर’ असं म्हणायचं असेल तर मात्र ७७,७४४हून थोडे जास्तच हवेत. दुसरी गोष्ट म्हणजे तिन्ही राज्यं एकदम फिरायला हवी होती. नुसतं मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया गेलं असतं तर ट्रम्प यांच्याकडे बरोब्बर २७० उरले असते. (मग त्या दोन बंडखोर इलेक्टरांनी काय गोंधळ घातला असता, याची कल्पना करून बघा.)

शिवाय ही तीन राज्यं निकाल लागल्यावर निवडलेली आहेत हे विसरू नका. मतदारांना पालटवणारी कोणतीही लाट राज्याच्या सीमेवर थांबत नाही. न्यू हॅम्पशायर क्लिंटन यांनी अवघ्या २,७३६ मतांनी राखलं होतं. वारा उलटा वाहिला असता तर तेही गेलं असतं.

याच जातीचा दुसरा हिशेब समोरच्या बाजूने येतो: ‘कॅलिफोर्निया काढून टाका, मग ट्रम्प एकूण मतांतही पुढे.’ बेरीज बरोबर आहे, तिथे क्लिंटन यांची आघाडी ४२ लाखांवर होती. पण कॅलिफोर्निया काढायचं तर ट्रम्प यांनी जिंकलेलं टेक्सास का ठेवायचं? राज्य वगळणारा दावा आला की एवढंच विचारा: हेच राज्य का, आणि ते निकालाआधी ठरवलं होतं का?

पद्धत अन्याय्य असेल तर कुठे

न्याय्यतेच्या वादात बहुतेक लोक लहान राज्यांवर घसरतात. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आणि इलेक्टर ३. कॅलिफोर्नियाची सुमारे ३ कोटी ९० लाख आणि तेव्हाचे इलेक्टर ५५. म्हणजे वायोमिंगमध्ये एका इलेक्टरमागे दोन लाखांच्या आत माणसं, कॅलिफोर्नियात सात लाखांवर. विषमता खरीच आहे. पण तिने २०१६चा निकाल फिरवला का? हे घरबसल्या मोजता येतं.

प्रत्येक राज्याला सिनेटच्या दोन जागांमुळे मिळणारे दोन इलेक्टर वजा करा, डीसीचेही दोन काढा. ट्रम्प यांनी ३० राज्यं जिंकली: ३०६ वजा ६० म्हणजे २४६. क्लिंटन यांची २० राज्यं आणि डीसी: २३२ वजा ४२ म्हणजे १९०. ट्रम्प तरीही पुढे. आता हीच वजाबाकी २०००च्या निवडणुकीवर करा. विजयी झालेले जॉर्ज डब्ल्यू. बुश २७१ वजा ६० म्हणजे २११, त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर २६७ वजा ४२ म्हणजे २२५. तिथे निकाल उलटतो. लहान राज्यांच्या वाढीव वजनाने बुश यांना जिंकवलं, ट्रम्प यांना नाही. २०१६ला घात केला तो ‘जिंकेल त्याला राज्यातले सगळे इलेक्टर’ या नियमाने.

आणि हा नियम राज्यघटनेत नाही, राज्यांच्या कायद्यांत आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं आजही काही इलेक्टर मतदारसंघवार देतात, म्हणूनच २०१६ला ट्रम्प यांना मेनमधून एक मिळाला. तेव्हा ‘घटनादुरुस्तीशिवाय काही बदलता येत नाही’ असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे इलेक्टरांची ही पद्धतच, रद्द करायचं असेल तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यांची मंजुरी लागते. इलेक्टर वाटायचे कसे, हे मात्र राज्य विधिमंडळ साध्या कायद्याने ठरवू शकतं.

उलट बाजूलाही एक भक्कम मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा: दोन्ही उमेदवारांनी प्रचार इलेक्टर जिंकण्यासाठी केला, एकूण मतांसाठी नाही. नियम वेगळा असता तर न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये मतदान वेगळं झालं असतं. एकूण मतांतली आघाडी ही कधी न खेळलेल्या सामन्याची धावसंख्या ठरते.

‘उपरा’ कशाच्या बाहेरचा

ट्रम्प हे बाहेरचे उमेदवार होते की नव्हते, यावरचा वाद शब्दावर अडतो. म्हणून कशाच्या बाहेर, ते विचारा. सार्वजनिक पदाचा अनुभव हा निकष लावला तर उत्तर स्पष्ट आहे: ना लोकनियुक्त पद, ना सरकारी पद, ना लष्करी सेवा, अशी पाटी कोरी घेऊन अध्यक्ष झालेले ते पहिलेच. आधीच्या अध्यक्षांपैकी टेलर, ग्रँट आणि आयझेनहॉवर निवडणुकीच्या राजकारणात नवखे होते, पण सेनानी होते. हूवर मंत्रिमंडळात होते.

पैसा आणि प्रसिद्धी हा निकष लावला तर न्यूयॉर्कचा बिल्डर आणि टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा बाहेरचा कसा, हा प्रश्न रास्त आहे. पक्षाच्या बाहेरचा म्हणायचं असेल तर अब्जाधीश उद्योजक रॉस पेरो आठवा. १९९२ला ते अपक्ष लढले, १८.९ टक्के मतं घेतली आणि इलेक्टर मिळाले शून्य. ट्रम्प यांनीही २०००च्या निवडणुकीसाठी पेरो यांच्याच रिफॉर्म पक्षाची उमेदवारी चाचपून पाहिली आणि सोडून दिली. २०१६ला त्यांनी वेगळं केलं ते हे की दाराबाहेर दुकान थाटण्याऐवजी घरच ताब्यात घेतलं.

त्यात प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकांच्या) नियमांची साथ मिळाली. रिपब्लिकन पक्षात १७ प्रमुख उमेदवार होते. दक्षिण कॅरोलिनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं मिळाली आणि डेलिगेट (पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मात्र पन्नासच्या पन्नास. ‘सगळा पक्ष त्यांच्यामागे होता’ असं म्हणणाऱ्याला हा आकडा द्या. पण प्रायमरीतली सुमारे ४५ टक्के मतं त्यांची होती आणि दुसरा कोणी जवळपासही नव्हता, हे ‘अपघाताने उमेदवारी मिळाली’ म्हणणाऱ्यालाही सांगा.

जनमत चाचण्या वाचताना

‘सगळ्या चाचण्या साफ चुकल्या’ हे वाक्य जसंच्या तसं खरं नाही. देशपातळीवरच्या शेवटच्या सरासरीत क्लिंटन तीनेक टक्क्यांनी पुढे होत्या, प्रत्यक्षात २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या. घोळ झाला तो राज्यांत, त्यातही मिशिगन–विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात. कारणं दोन मोठी: बरेच मतदार शेवटच्या आठवड्यात ट्रम्प यांच्याकडे वळले, आणि अनेक राज्य चाचण्यांनी शिक्षणानुसार नमुन्याचं वजन दुरुस्त केलं नव्हतं. पदवीधर लोक चाचण्यांना जास्त उत्तरं देतात, आणि त्या वर्षी पदवीधर व बिगरपदवीधर यांच्या मतांत मोठी दरी पडली होती.

कोणतीही चाचणी हातात आली की हे बघा:

१. नमुना किती? एक भागिले नमुन्यातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ, हा संभाव्य चुकीच्या मर्यादेचा (मार्जिन ऑफ एरर) अंदाज. हजार जण असतील तर सुमारे तीन टक्के इकडे किंवा तिकडे.

२. ती मर्यादा एका उमेदवाराच्या टक्केवारीची आहे. दोघांमधल्या आघाडीची मर्यादा जवळजवळ दुप्पट. हजारांच्या चाचणीत चार टक्क्यांची आघाडी म्हणजे खात्री नव्हे.

३. नोंदणी झालेले मतदार की मतदान करण्याची शक्यता असलेले?

४. शिक्षणाचं वजन लावलंय का?

विजयाची शक्यता आणि मतांची टक्केवारी यांची गल्लत हा आणखी एक सापळा. फाइव्हथर्टीएट या निवडणूक अंदाज वर्तवणाऱ्या संकेतस्थळाने शेवटच्या अंदाजात ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती. दहातून तीनदा घडणारी गोष्ट घडली म्हणून अंदाज खोटा ठरत नाही.

कारणं सांगताना कुठे पाय घसरतो

‘काउंटी फिरली म्हणजे मतदार फिरले’ ही सगळ्यात सर्रास चूक. ओबामांना दोनदा कौल देणाऱ्या दोनशेच्या आसपास काउंट्या ट्रम्प यांच्याकडे गेल्या. पण त्यात किती जणांनी पक्ष बदलला, किती जुने मतदार घरी बसले आणि किती नवे आले, हे काउंटीच्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींना पुन्हा पुन्हा विचारणारी पाहणी आणि मतदार यादीशी ताडलेली नोंद लागते.

ग्रीन पक्षाच्या उमेदवार जिल स्टाइन यांच्यावर खापर फोडण्याचंही तसंच. मिशिगनमध्ये त्यांना ५१,४६३ मतं मिळाली, म्हणजे ट्रम्प यांच्या आघाडीच्या चौपटीहून जास्त. पण त्या नसत्या तर हे मतदार क्लिंटन यांच्याकडेच गेले असते असं गृहीत धरावं लागतं, आणि त्याच राज्यात लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांनी १,७२,१३६ मतं घेतली हे विसरावं लागतं.

गैरप्रकारांचे आरोप आले तर त्यांचे थर सुटे करा. रशियाने प्रचारात ढवळाढवळ केली, हे विशेष तपास अधिकारी रॉबर्ट म्युलर यांच्या अहवालाने सविस्तर मांडलं. ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियन सरकारशी संगनमत केल्याचं त्या तपासात सिद्ध झालं नाही. मोजलेली मतं बदलल्याचा पुरावा पुढे आला नाही. विस्कॉन्सिनमध्ये स्टाइन यांच्या मागणीवरून फेरमोजणी झाली तेव्हा ट्रम्प यांची आघाडी उलट १३१ मतांनी वाढली. दुसऱ्या बाजूला, लाखो बेकायदा मतं पडली असा दावा ट्रम्प यांनी स्वतः केला. त्यासाठी मे २०१७मध्ये नेमलेला आयोग जानेवारी २०१८मध्ये असा पुरावा न देताच गुंडाळला गेला. या चार मुद्द्यांची मोट बांधून एकच ‘निवडणूक चोरली’ किंवा ‘सगळा बनाव होता’ असं वाक्य कोणी केलं की त्याला परत चार मुद्दे सुटे करायला लावा.

समोरासमोर चर्चा घ्यायची असेल तर एका बैठकीला एकच दावा ठेवा. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि त्याने ‘हो, हेच म्हणतोय’ म्हटल्यावरच पुढे जायचं. यात दहा मिनिटं जातात आणि निम्मी भांडणं तिथेच संपतात. मतदारांना विशेषणं लावू देऊ नका, क्लिंटन यांनी ट्रम्पसमर्थकांसाठी वापरलेला ‘डिप्लोरेबल्स’ (निंद्य लोक) हा शब्द विरोधकांनी टी-शर्टवर छापून मिरवला होता. आणि दोघांनाही सुरुवातीला लिहून द्यायला सांगा: कोणता आकडा दिसला तर मी माघार घेईन. कागद कोराच राहिला तर त्या दिवशी चर्चेऐवजी मिशिगनचं प्रमाणित पत्रक उघडून बेरजा करत बसा, वेळ तरी सत्कारणी लागेल.