अमेरिकेत शिकायला येताय? पुस्तकं बॅगेत भरण्याआधी हे वाचा

जुलै उजाडला की इकडे यायला निघालेल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो: "पुस्तकं अप्पा बळवंत चौकातूनच घेऊन येऊ का?" विचार रास्त आहे. इथे एका नव्या पाठ्यपुस्तकाला शंभर-दोनशे डॉलर सहज पडतात आणि त्याचीच भारतीय आवृत्ती तिकडे हजार रुपयांच्या आसपास मिळून जाते. तरी सिलॅबस हातात पडेपर्यंत थांबा.

सिलॅबसमध्ये आधी बघा, गृहपाठ कुठे करायचाय. बी.एस.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गणित, केमिस्ट्री, अकाउंटिंगचा गृहपाठ अनेकदा प्रकाशकाच्या वेबसाइटवर, म्हणजे पिअर्सनच्या मायलॅबवर किंवा मॅकग्रॉ हिलच्या कनेक्टवर असतो. त्याला ॲक्सेस कोड लागतो आणि तो एकदाच चालतो, त्यामुळे जुन्या पुस्तकातला वापरलेला कोड काही कामाचा नाही. कोडबरोबर बहुधा ई-बुक येतंच. अशा विषयाचं छापील पुस्तक भारतातून आणलंत तरी कोडचे पैसे चुकत नाहीत.

एम.एस.ला चित्र वेगळं असतं. तिथे प्राध्यापक बऱ्याचदा स्वतःच प्रश्न काढतात आणि पुस्तक संदर्भाला असतं, म्हणून भारतीय आवृत्ती खुशाल आणा. ती आणणं बेकायदा आहे का, ही भीतीही नको. परदेशात रीतसर विकत घेतलेली प्रत अमेरिकेत आणून विकतासुद्धा येते, असा निकाल इथल्या सुप्रीम कोर्टाने २०१३ साली किर्टसेंग खटल्यात दिला आहे. घोळ होतो तो धड्याच्या शेवटच्या गणितांत. सर ३.२७ सोडवायला सांगतात आणि आपल्या आवृत्तीत ३.२७ ला भलतंच गणित असतं, नाहीतर गणित तेच पण आकडे बदललेले. यावर उपाय लायब्ररीत आहे. कोर्स रिझर्व्हच्या, म्हणजे वर्गाला लावलेली पुस्तकं राखून ठेवतात त्या काउंटरवर अमेरिकन प्रत बहुधा दोन-तीन तासांसाठी फुकट मिळते. तेवढ्या वेळात आपल्याला दिलेली गणितं ताडून घ्या.

आता छापील की डिजिटल? ज्या विषयावर पुढची दोन वर्षं उभी आहेत, त्याचं पुस्तक कागदावरच हवं, असं माझं ठाम मत आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र तपासून आलेला निष्कर्षही हाच होता: माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या दडपणाखाली, कागदावर अधिक चांगला समजतो. ओपन-बुक परीक्षेत लॅपटॉप उघडू देतीलच असंही नाही. भाड्याच्या ई-बुकची मुदत संपली की पुस्तक जातं, म्हणून महत्त्वाच्या नोट्स वहीत उतरवून ठेवा. एका सेमिस्टरपुरत्या इलेक्टिव्हला मात्र भाड्याचं ई-बुक उत्तम.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून पदवीची पाठ्यपुस्तकं मोफत देतं. तुमच्या विषयाला त्यातलंच पुस्तक लावलं असेल, तर पीडीएफ उतरवून हवे ते धडे पुण्यातच छापून स्पायरल करून आणा. इथे छपाई महाग पडते.

आणि फीचं बिल ओळ न् ओळ वाचा. त्यात 'इनक्लुझिव्ह ॲक्सेस' किंवा 'कोर्स मटेरियल्स' दिसलं, तर डिजिटल पुस्तकाचे पैसे तुमच्या खात्यावर परस्पर लागलेले असतात. ते नाकारता येतं, पण त्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते. नाकारण्याआधी गृहपाठाचा कोड त्यातच आहे का, हे प्राध्यापकांना ईमेल करून विचारा.