गाडी निघायच्या आधी

मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घरात आली की तारीख ठरते आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी ऊसतोडीला निघते. यंदा तुझी दहावी असेल तर तयारी त्याआधी, आई-बाबा घरी असतानाच उरकायची. बोर्डाचा अर्जही साधारण त्याच सुमाराला भरतात, म्हणजे नेमकं गाव ओस पडतं तेव्हा. त्यातलं तुझं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे 'बाई' होतं, आधारवर नव्हतं. तेवढ्यापायी आयटीआयच्या प्रवेशाला माझे चार हेलपाटे झाले.

उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला बाबांना सोबत घेऊनच काढ. आणि हो, ओटीपी! आधारला बाबांचा नंबर जोडलेला असतो. ते कर्नाटकातल्या फडात, फोनला रेंज नाही आणि तू सेतू केंद्रात रांगेत उभा. तुझ्याजवळ राहील असा नंबर आत्ताच जोडून घे, बँक खात्यालाही तोच.

मग राहायचं कुठे? आई-बाप तोडीला गेल्यावर गावातच मुलांची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाचं मुख्याध्यापकांना विचार. कुठे कुठे त्यात फक्त जेवण मिळतं, झोपायला आजीकडेच जावं लागतं. जवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं सरकारी संत भगवानबाबा वसतिगृह असेल तर तिथेही अर्ज टाक. मुलगी असशील तर ही सोय सगळ्यात आधी पक्की कर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ती पुरी करायला आपल्याकडे लग्नं उरकतात आणि 'पोरीला एकटी कुठं ठेवायची' हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याला उत्तर तयार असलेलं बरं.

'सुट्टीत चार दिवस मोळ्या बांधायला ये' म्हणतील. जाऊ नको, चाराचे चाळीस होतात. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आणि तोंडी-प्रात्यक्षिकं लेखी परीक्षेच्या आधीच होतात. तेव्हा कारखान्याचा पट्टा पडलेला नसतो, म्हणजे गाळप हंगाम संपलेला नसतो.

धाकटी भावंडं सोबत जाणारच असतील तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नका, शिक्षण हमी पत्रक घ्या; ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही.

मूळ कागद मात्र कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, पाठवायचे नाहीत. पाचटाची कोपी, बाहेर चूल. झेरॉक्स जाऊ देत. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या ट्रंकेत, किल्ली तुझ्याकडे.