फोर्डच्या हॉट रॉडमध्ये (ताकदवान इंजिन टाकून बदललेल्या जुन्या गाडीत) शेव्हीचं इंजिन बसवताय? आधी टॅकच मारा
१९३२ च्या फोर्डच्या चेसीवर स्मॉल ब्लॉक शेव्ही (शेव्हरोलेचं छोट्या बांध्याचं व्ही-८ इंजिन) बसवायचं असेल तर माउंटना (इंजिन धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटना) आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारा, पक्कं वेल्डिंग अजिबात नको, कारण या इंजिनचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) मागच्या बाजूला असतो, तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भिडतो आणि इंजिन पुढे सरकवलं की फॅन रेडिएटरला लागतो. म्हणून बॉडी, रेडिएटर, स्टिअरिंग बॉक्स सगळं जागेवर ठेवूनच मापं घ्या, डिस्ट्रिब्युटरची कॅप हाताने काढता आली पाहिजे. इंजिन मागे साधारण ३ अंश झुकतं ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर लेव्हलला येतो. आणि हो, मूळ गाडीला टॉर्क ट्यूब (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत शाफ्टभोवती असलेली, ॲक्सललाच जोडलेली बंद नळी) होती, त्यामुळे नवीन गिअरबॉक्स टाकला की मागचा ॲक्सलही बहुतेक बदलावाच लागतो, तो खर्च आधीच धरा.